उतरायची परवानगी

करोनाच्या त्या दोन-अडीच वर्षांत क्रूझने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नियम किती वेळा बदलले हे आता कोणाला धड सांगताही येणार नाही. टेस्ट तीन दिवस आधीची, मग दोन दिवस आधीची, मग नकोच. लस ही चालेल, ती चालणार नाही, मग तीही चालेल. लोक आता आठवण काढून हसतात, काय काय करायला लावलं होतं तेव्हा म्हणतात. मला हसू येत नाही. वास्कोत माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे आणि त्यातले बहुतेक नियम माझ्या काउंटरवरून कागद होऊन बाहेर पडलेत, कोणाच्या तरी हातात, आणि तो हात बऱ्याच वेळा थरथरत असायचा.

नियम बदलले याबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगते. रोग नवा होता, आज कळलेलं उद्या चुकीचं ठरत होतं, मग नियम तसेच राहिले असते तर तेच जास्त भयंकर झालं असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. बोटीवर दोन प्रकारची माणसं असतात, एक तिकीट काढून आलेली आणि दुसरी त्यांच्यासाठी स्वयंपाक करणारी, बिछाने घालणारी, मशिनरी चालवणारी. नियम लिहिताना डोळ्यांसमोर पहिली माणसं होती. दुसरी माणसं नियमात कुठेतरी खाली, एखाद्या पोटकलमात, किंवा नाहीतच. आणि आमच्या गोव्यात ती दुसरी माणसं घराघरात आहेत.

बाहेरच्यांना गोवा म्हणजे बीचवर येणारे टुरिस्ट एवढंच ठाऊक असतं. पण इथे सासष्टीत जा, बार्देशात जा, आमच्या मुरगावात या, कुठल्याही वाड्यावर विचारा, कोणाचा नवरा बोटीवर, कोणाचा दीर, कोणाचा भाचा. तारवटी म्हणतात त्यांना. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय हे. आधी मालवाहू बोटी, आता क्रूझ जास्त. किचनमध्ये, ज्याला ते गॅली म्हणतात, हाऊसकीपिंगला, बारमध्ये, लाँड्रीत. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग घरी सुट्टी, त्या सुट्टीत घराचं छप्पर, बहिणीचं लग्न, पोराची फी, आणि परत मुंबईच्या एजन्सीकडून फोन. माझा मावसभाऊ असाच गॅलीत आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, पुढेही दादाच म्हणते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस नावाची क्रूझ अडकली तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र तेच होतं. बोटीवर ३,७११ माणसं, त्यातले २,६६६ प्रवासी आणि १,०४५ क्रू. हाँगकाँगला उतरून गेलेला एक प्रवासी नंतर पॉझिटिव्ह निघाला म्हणून ५ फेब्रुवारीपासून बोट क्वारंटाईन केली. केली म्हणजे काय, तर प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये बसवलं. आणि क्रू? क्रू कामावर. हजाराहून जास्त केबिनच्या दारात तीन वेळचं जेवण पोचवायचं, ताटं परत आणायची, धुवायची, आणि रात्री खालच्या डेकवर दोघांच्या किंवा त्याहून जास्त जणांच्या केबिनमध्ये झोपायला जायचं, एकाच मेसमध्ये जेवायचं, एकाच बाथरूमला जायचं. नंतर झालेल्या तपासात निघालं की पहिल्या २० बाधित क्रूपैकी १५ जण जेवणखाण विभागातले होते. हे वाचलं तेव्हा मला खरंच धक्का बसला, कारण याचा अर्थ असा की क्वारंटाईनचा नियम लागू होता ती माणसं दाराच्या आत होती, आणि ज्यांच्या हातांवर तो नियम चालत होता ती बाहेर कॉरिडॉरमध्ये ट्रॉली ढकलत होती. एकूण सातशेच्या वर लोकांना लागण झाली. त्या बोटीवर १३८ भारतीय होते आणि त्यात १३२ क्रू. फेब्रुवारीच्या शेवटी एअर इंडियाच्या विमानाने ११९ जणांना दिल्लीला आणलं, मग मानेसरला क्वारंटाईन.

दादा तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या बोटीवर, जगाच्या दुसऱ्या टोकाला. वहिनी दुकानात येऊन माझ्या कॉम्प्युटरवर त्याच्या बोटीचा मॅप बघायची. बोट कुठे आहे ते दाखवणाऱ्या साईट असतात ना, तिच्यावर. ती तासभर उभी राहायची आणि तो बाण समुद्रात एकाच जागी. "हलत नाही गं," म्हणायची. मी म्हणायचे, नेट स्लो आहे.

मार्चमध्ये सगळं एकदमच झालं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी म्हणून सांगितलं, १३ पासून आपल्याकडे व्हिसा बंद, १४ ला अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, क्रूझ चालवायला बंदीचा हुकूम काढला, नो सेल ऑर्डर, २२ पासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद, २५ पासून लॉकडाऊन. आपल्या बंदरांनीही परदेशी क्रूझना दार लावून घेतलं होतं. त्याच्या थोडं आधी वेस्टरडॅम नावाच्या बोटीला जपान, तैवान, ग्वाम, फिलिपिन्स, थायलंड, एकामागून एक सगळ्यांनी नाही म्हटलं होतं आणि शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने घेतलं, आणि नंतर झांडाम नावाची दुसरी एक बोट दक्षिण अमेरिकेच्या बंदरांतून नकार घेत घेत पनामा कालव्यातून वर सरकत २ एप्रिलला फ्लोरिडात पोचली, तिच्यावर माणसं दगावली होती तरी. उलट बाजूला सिडनीचं उदाहरण आहे. १९ मार्चला रुबी प्रिन्सेस बोटीवरून दोन हजार सहाशेहून जास्त प्रवासी टेस्टच्या निकालाची वाट न बघता उतरवले आणि तिथून रोग ऑस्ट्रेलियाभर गेला. म्हणजे दार उघडलं तरी माणसं मरतात, लावलं तरी मरतात. अशा वेळी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची झोप उडाली असेल हे मला समजतं, मी त्याला शिव्या घालणार नाही.

पण मग प्रवासी उतरले. कसे का होईना, चार्टर विमानांनी, बसमधून, मास्क लावून, एप्रिल संपेपर्यंत जवळपास सगळे आपापल्या घरी. बोटी रिकाम्या झाल्या असं पेपरात आलं. रिकाम्या कशा? क्रू होता ना आत. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तर असा नियम होता की क्रूला उतरवायचं असेल तर त्यांनी नेहमीच्या विमानाने जायचं नाही, कंपनीने स्वतंत्र विमान किंवा गाडी करायची आणि कंपनीच्या वरिष्ठांनी तसं सही करून लिहून द्यायचं. आरोग्याच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण झालं काय की खर्च आणि जबाबदारी दोन्ही नको म्हणून माणसं बोटीवरच राहिली, आठवडे, मग महिने. काही कंपन्यांनी शेवटी बोटीच हाकल्या, अख्खा समुद्र ओलांडून, क्रूला त्यांच्या त्यांच्या देशाच्या किनाऱ्याला सोडत.

आणि आपल्या किनाऱ्याला आल्यावर काय? आपलीच माणसं, आपलेच पासपोर्ट, पण उतरायचा नियमच नव्हता. मरेला डिस्कव्हरी नावाची बोट भारतीय क्रू घेऊन मुंबईसमोर उभी होती, त्यात आमचे गोंयकारही होते. इथे घरोघरी एकच विषय, मुरगाव बंदर आपल्या उशाला आहे मग आपल्या पोरांना मुंबईला कशाला, इथेच उतरवा. २१ एप्रिलला गृह मंत्रालयाने भारतीय खलाशांच्या चढण्या-उतरण्याची एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती, काढली आणि दोन दिवसांनी ती माणसं मुंबईत उतरली. त्या एसओपीची प्रिंट मी किती जणांना काढून दिली त्याला गणती नाही. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर खाली, मी मागच्या दाराने कागद द्यायची, इंग्रजी वाचून मराठीत, कोंकणीत सांगायची. कोणाची आई, कोणाची बायको. "बाय, ह्या कागदार म्हज्या पुताचें नांव आसा?" एका आंटीने विचारलं होतं. त्यात नाव कोणाचंच नव्हतं, पण त्यांच्या पुताला लागू होणारं एक वाक्य होतं, ते मी पेनाने अधोरेखित करून दिलं.

मे महिन्यात इटलीहून तारवटींना घेऊन पहिलं विमान दाबोळीला उतरलं. आम्ही सगळे केवढे खूश. पण त्याच वेळी गावात दुसरंच वारं. गोव्यात एप्रिलमध्ये सगळे पेशंट बरे झाले होते, आपण ग्रीन झोन, आपल्याकडे काही नाही, अशी हवा होती, आणि मग बाहेरून येणारा प्रत्येकजण डोळ्यांत खुपायला लागला. ज्या घरातल्या पैशावर चर्चचं फेस्त नि देवळाचा कालोत्सव वर्गणीत पुढे असायचा त्याच घराच्या दाराकडे लोक बोट दाखवायला लागले, ह्यांचा बोटीवरचा आलाय म्हणून. १ जूनला आमच्या वास्कोत मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाला आणि मग सगळ्या गोव्याने वास्कोकडेच तसं बघायला सुरुवात केली. तेव्हा तरी लोकांना कळायला हवं होतं की बोटीवरच्या माणसाला कसं वाटत असेल. काहींना कळलं. सगळ्यांना नाही.

मेच्या शेवटाला केंद्राचा नियम आला, परदेशातून आलेल्याने सात दिवस स्वतःच्या पैशाने संस्थेत आणि सात दिवस घरी. पुढे ऑगस्टपासून एअर सुविधा पोर्टल, आधी ९६ आणि नोव्हेंबरपासून ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट आधी अपलोड केला तर संस्थेतल्या क्वारंटाईनमधून सूट. इथून माझं काम खरं वाढलं. पॅसेंजरसाठी तो एक फॉर्म होता. तारवट्यासाठी तसं नव्हतं, कारण टेस्ट कुठे करायची हे त्याच्या हातात नाही, बोट कुठल्या बंदराला लागणार, तिथे उतरू देणार का, लॅब किती वाजता रिपोर्ट देणार, फ्लाईट पुढे ढकलली तर तेवढे तास उलटून जाणार. आणि ते तास नमुना घेतल्यापासून धरायचे, रिपोर्ट आल्यापासून नव्हे, हे प्रत्येकाला समजवायचं. दादा त्याच वेळी परत आला. दोहाच्या एअरपोर्टवर बसून तो मला फोटो पाठवत होता आणि मी इथून फॉर्म भरत होते. घरी आल्यावर पहिले काही दिवस तो बोललाच नाही फारसा. झोपायचा खिडकी उघडी टाकून, पाऊस आत यायचा तरी. वहिनीने विचारलं तर म्हणाला की प्रवासी गेल्यावर त्यांना प्रवाशांच्या केबिन दिल्या होत्या, एकेकाला एक, बाल्कनीवाली सुद्धा काही जणांना, आणि लोकांना वाटेल काय मजा, पण समोर जमीन दिसते आणि उतरता येत नाही हे दिवसचे दिवस बघत बसणं फार वाईट.

हे नुसतं त्याच्यापुरतं नव्हतं. २०२० संपताना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता की जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकलेत, सगळ्या प्रकारच्या बोटी धरून. खलाशाला सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त बोटीवर ठेवू नये असा आंतरराष्ट्रीय करारातला हिशेब आहे. तो हिशेब त्या वर्षी कित्येकांच्या बाबतीत पाळला गेला नाही.

मग लस आली. मला वाटलं सुटलो.

२०२१ चा उन्हाळा आठवला तरी अंगावर काटा येतो. मे महिन्यात गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, ऑक्सिजनअभावी पहाटेच्या वेळी माणसं जात होती, सगळ्या देशाने ते वाचलं. १० मेपासून गोव्यात शिरायलाच निगेटिव्ह रिपोर्ट हवा असा हायकोर्टाचा आदेश. भारतातून येणाऱ्यांना एकेक देश बंदी घालत होता. आणि नेमकं तेव्हाच क्रूझ कंपन्या परत सुरू व्हायच्या तयारीत, एजन्सीचे फोन यायला लागले, जॉइनिंग आहे, दोन्ही डोस झालेत का? दोन्ही कुठले, वर्षभर घरी बसलेल्या पोरांना पहिल्याची अपॉइंटमेंट मिळत नव्हती, कोविनचा स्लॉट उघडायच्या वेळी मी आणि माझी मदतनीस मुलगी दोन कॉम्प्युटर आणि तीन फोन घेऊन बसायचो. त्यात १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. कोविनवर ८४ दिवस झाल्याशिवाय दुसरा डोस बुकच होत नाही. ज्याला जूनअखेर जॉइन व्हायचंय आणि ज्याचा पहिला डोस मेमध्ये झालाय त्याचं काय? त्याची नोकरी गेली, असाच अर्थ होता त्याचा, वर्षभर पगार नसलेल्या माणसाची.

आणि १६ मेला तौक्ते चक्रीवादळ. वास्कोत झाडं आडवी, लाईट नाही, नेट नाही. एका पोराचा आरटीपीसीआर रिपोर्ट ईमेलवर आलेला आणि त्याला प्रिंट हवी, घड्याळ चालूच, ७२ मधले तास कमी होतायत. त्याचा बाप स्कूटर घेऊन पावसात फिरला, कोणाकडे जनरेटर आहे बघत. शेवटी एका ओळखीच्या दुकानात जनरेटर मिळाला, तिथे माझा प्रिंटर नेऊन आम्ही ते पान काढलं. वादळाला सूट देणारं कलम कुठल्याच नियमात नसतं.

७ जूनला केंद्राने सूट दिली. शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकला जाणारे यांना २८ दिवसांनी दुसरा डोस, ऑफर लेटर दाखवायचं, सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर घालायचा. मला विचाराल तर त्या सगळ्या काळातला हा सगळ्यात माणुसकीचा कागद. कारण त्यात कोणीतरी विचार केला होता की नियमाच्या पलीकडे एक माणूस जॉइनिंग लेटर घेऊन उभा आहे. आमच्याकडे रांग लागली. सगळ्यांच्या ऑफर लेटरच्या प्रती, पासपोर्टच्या प्रती, आणि सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टसारखं हवं म्हणून तेवढीच धावपळ, आमच्याकडे आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, पोर्तुगीज काळातल्या स्पेलिंगमुळे आडनावाची तीन रूपं, हे तर घरोघरी.

ज्यांनी कोवॅक्सिन घेतली त्यांची वेगळीच रडकथा. कोविशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरी फेब्रुवारी २०२१ मध्येच होती, कोवॅक्सिनला मिळाली ३ नोव्हेंबरला. मधल्या आठ-नऊ महिन्यांत कोवॅक्सिन घेतलेला माणूस कित्येक देशांच्या लेखी लस न घेतलेला. ज्या केंद्रावर ज्या दिवशी जी होती ती त्याने घेतली, त्याने काय निवड केली होती का? अमेरिकेने ८ नोव्हेंबरपासून परदेशी प्रवाशांना लसीची अट घातली तेव्हा पाच दिवस आधी आलेल्या त्या मंजुरीने आमच्याकडच्या किती घरांना वाचवलं हे मला माहीत आहे. मग ब्रिटनचं प्रकरण, सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख नाही, नुसतं वय, म्हणून खुसपट. सप्टेंबरअखेर कोविनने जन्मतारखेचं नवीन सर्टिफिकेट सुरू केलं आणि सगळ्यांनी परत प्रिंट काढल्या, परत लॅमिनेट केल्या.

तिकडे प्रवाशांसाठी नियम किती विचार करून बांधले होते तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. ऑक्टोबर २०२० च्या शेवटी अमेरिकेने सरसकट बंदी उठवून टप्प्याटप्प्याची पद्धत आणली. आधी क्रूच्या टेस्ट आणि बोटीवर लॅब, मग स्वयंसेवक घेऊन रंगीत तालमीच्या फेऱ्या, मग परवानगी. ९५ टक्के प्रवासी आणि ९८ टक्के क्रू लसवंत असेल तर तालीम माफ. जून २०२१ अखेर फ्लोरिडातून पहिली मोठी बोट सुटली. नुसतं ताप मोजून भागत नाही हे तोवर कळलं होतं, उरुग्वेसमोर अडकलेल्या ग्रेग मॉर्टिमर बोटीवर २१७ पैकी १२८ पॉझिटिव्ह निघाले होते आणि त्यातल्या ८१ टक्के लोकांना काही लक्षणंच नव्हती. परदेशातून येणारी बोट बंदरात शिरायच्या आधी कॅप्टन आरोग्याचं डिक्लरेशन देतो, आजारी किती, ताप कोणाला, कोणी दगावलंय का, आणि पोर्ट हेल्थ ऑफिसर हो म्हणेपर्यंत कोणी उतरत नाही, ही पद्धत फार जुनी. पण ती आजारी दिसणाऱ्या माणसावर चालते. न दिसणाऱ्या आजाराला ती पुरेना, म्हणून टेस्ट आली. नियमामागचं हे कारण एकदा सांगितलं की आमच्या काउंटरवरचा कमी शिकलेला माणूसही लगेच समजून घ्यायचा, नाकात काडी घालून घ्यायला कुरकुर करायचा नाही. कारण न सांगता नुसती पीडीएफ आली की मात्र भांडण. "आतां हें नवें कितें?" म्हणून माझ्यावरच चिडायचे.

आणि मग जानेवारी २०२२. नवीन वर्षाला मुंबईहून आलेली कॉर्डेलिया क्रूझ आमच्या मुरगाव बंदरात. क्रूपैकी एकजण पॉझिटिव्ह निघाला, मग सगळ्यांच्या टेस्ट, सुमारे दोन हजार नमुन्यांत ६६ पॉझिटिव्ह, ३ जानेवारीला निकाल आला आणि बोट प्रवाशांना घेऊन तशीच मुंबईला परत. त्या दिवसांत लोक बंदराच्या बाजूला जाऊन लांबून बघत होते, मीही बघितली. मोबाईलवर आतल्या प्रवाशांचे व्हिडिओ फिरत होते, आमची ट्रिप वाया गेली, आम्हाला उतरू द्या. त्यांचा वैताग खरा होता, लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. तरी माझ्या मनात दुसरंच. त्या वेळी आत त्यांना चहा कोण देतंय? योकोहामाला दोन वर्षं होत आली होती, सगळ्या जगाने त्यावर अभ्यास केले होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत बातमीत पुन्हा एकच ओळ, एक क्रू मेंबर पॉझिटिव्ह. तो कोण, त्याला कुठे ठेवलं, त्याच्या केबिनमध्ये त्याच्याबरोबर झोपणाऱ्याचं काय, यावर एक अक्षर मला कुठे वाचायला मिळालं नाही. ओमिक्रॉनची लाट होती, अधिकाऱ्यांना तो निर्णय घ्यावा लागला असेल. पण प्रश्न विचारायचा राहिलाच.

नंतर सगळं सुटत गेलं, आणि सुटताना गाजावाजा होत नाही. १५ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेच्या क्रूझ नियमांचं बंधन ऐच्छिक झालं, जूनमध्ये विमानाआधीची टेस्ट गेली, जुलैत क्रूझचा खास कार्यक्रमच बंद, नोव्हेंबरमध्ये आपलं एअर सुविधा बंद, २०२३ च्या मेमध्ये अमेरिकेची लसीची अटही गेली. पण गंमत बघा, एजन्सीच्या जुन्या चेकलिस्टा तशाच फिरत राहिल्या. नियम रद्द होऊन महिने झाले तरी पोरं टेस्टचे पैसे भरून येत होती, रिपोर्टची प्रिंट काढा म्हणत. नियम लागू झाला की दहा ग्रुपवर येतो, उठला की कोणी पाठवत नाही. म्हणून मी काउंटरवर एक पाटी लावायला सुरुवात केली, कुठला नियम कधी उठला त्याची. यलो फीव्हरचं पिवळं पुस्तक तेवढं अजून लागतं, ते जपून ठेवा, २०१६ पासून ती लस आयुष्यभराची धरतात, परत घ्यायला सांगितलं तर आधी विचारा, हेही त्या पाटीवर होतं.

आता मुरगावात नवीन क्रूझ टर्मिनलचं काम निघालंय, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने क्रूझ भारत मिशन सुरू केलं, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे म्हणतात. मला आनंद आहे, वास्कोला कामं हवीतच. पण टर्मिनलच्या चित्रांत मला प्रवासी, टॅक्सी, दुकानं, रोषणाई दिसते. मला तिथे आजारी खलाशाला उतरवून ठेवायची खोली हवी, क्रूसाठी वेगळी खिडकी हवी जिथे कोंकणी, मराठी, हिंदी बोलणारा माणूस असेल, आणि बोट अडकली तर घरच्यांनी कुठे विचारायचं त्याचा एक नंबर हवा. मुंबईला नव्हे, इथे. वहिनीसारखं कोणी नकाशावरचा बाण बघत उभं राहू नये यासाठी एवढं पुरे.

सगळंच वाईट झालं असंही नाही. खलाशांच्या कामाविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी, त्यात २०२२ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून त्या लागू आहेत. तातडीच्या उपचाराची गरज असलेल्या खलाशाला बंदरात लगेच उतरवून उपचार द्यायचे, घरच्यांशी बोलायला जमेल तिथे बोटीवर इंटरनेट द्यायचं, पिण्याचं पाणी फुकट. पाण्याचं वाचून मला रागच आला, हे लिहावं लागलं म्हणजे काय परिस्थिती असेल. पण लिहिलं गेलं, बरं झालं.

गेल्या महिन्यात दादा कॉन्ट्रॅक्टचे कागद स्कॅन करायला आला तेव्हा त्याला विचारलं, हे माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं. वीस वर्षं बोटीवर आहे तो. मी दुरुस्त्यांचा सोपा मराठी सारांश करून एका पानावर छापून दिला, त्याने तिथल्या तिथे फोटो काढून क्रूच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एकाचा प्रश्न आला, "आणि पोर्टार देंवूंक दिलें ना जाल्यार तक्रार खंय करपाची?" म्हणजे बंदरात उतरूच दिलं नाही तर तक्रार कुठे करायची. बरोबर प्रश्न होता. तक्रार आधी बोटीवर कॅप्टनकडे करता येते, आणि बोट ज्या बंदरात आहे तिथल्या सागरी प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे थेटही करता येते, करारात तशी सोय आहे, शिवाय आपल्याकडे डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगचं कार्यालय आहे आणि खलाशांच्या आंतरराष्ट्रीय युनियनचे इन्स्पेक्टर बऱ्याच बंदरांत असतात. हे त्या पानावर नव्हतं. आम्ही दोघांनी बसून ते खाली जोडलं, नवीन प्रिंट काढली, आणि आता जॉइनिंगचे कागद करायला जो येतो त्याच्या फाईलमध्ये ते पान मी घालते, त्याचे पैसे घेत नाही.